फादर सांगतात म्हणून मत देतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा (नाव लिहिलं नाहीत म्हणून दादा म्हणतोय, ताई असाल तर सांगा),

कमेंट वाचली, दोनदा वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मी वसईचा कॅथलिक माणूस, आणि मतदान केंद्रात शिरताना माझा विश्वास चपलांसारखा बाहेर काढून ठेवत नाही. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्हा लोकांचं मत चर्चमध्येच ठरतं, फादर प्रवचनात इशारा देतात आणि तुम्ही सगळे जाऊन तेच बटण दाबता, दुसऱ्यांनी धर्मावर मत मागितलं की मात्र तुम्हाला सेक्युलॅरिझम आठवतो, आणि ६७ साली गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही या कौलात चर्चनेच महाराष्ट्राला हरवलं. शेवटी "कलम १२३ वाचा" असा सल्ला. वाचलंय हो.

आधी फादरचं बघू. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना सगळा महाराष्ट्र ओळखतो, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, २०२४ मध्ये गेले. हरित वसईची चळवळ त्यांनी उभी केली, बिल्डर आणि पाण्याचे टँकर यांच्याविरुद्ध बोलले, मोर्चांना तोबा गर्दी व्हायची. आता तुमच्या हिशोबाने वसईची सीट फादरांच्या खिशात हवी होती ना? १९९० ते २००४ सलग चार निवडणुका हितेंद्र ठाकूर वसईतून निवडून आले, म्हणजे ज्यांच्याशी या चळवळीचा उभा दावा होता तेच. २००९ ला विवेक पंडित आले, तेही गावं महापालिकेत घालायला लोकांचा विरोध होता त्या जोरावर. रविवारी फादरचं प्रवचन ऐकून मान डोलावणारी आणि नंतर "आपलं काम कोण करतं" बघून मत देणारी माणसं आमच्यातही तेवढीच आहेत जेवढी तुमच्या गावात. मला त्याचं वाईट वाटतं हा भाग वेगळा, पण वस्तुस्थिती ही आहे.

कलम १२३. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे ते उमेदवाराबद्दल, त्याच्या एजंटबद्दल, किंवा त्याच्या संमतीने प्रचार करणाऱ्याबद्दल. धर्माच्या नावाने मत मागायचं नाही, आणि मत दिलं नाहीस तर देव कोपेल अशी भीती घालायची नाही. २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की उमेदवाराच्याच नाही, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. ती केस आपल्या सांताक्रूझची, १९९० च्या विधानसभेची, सत्तावीस वर्षं चालली (यावर वेगळा लेख होईल!). यातलं काहीही मी बटण दाबताना मनात काय विचार करतो याला लागू नाही. आणि त्या तीन न्यायमूर्तींनी जे लिहिलं, की धर्मामुळे किंवा जातीमुळे माणसावर जो अन्याय होतो त्याबद्दल निवडणुकीत बोलूच नका म्हटलं तर लोकशाही पोकळ होईल, ते मला जास्त पटतं.

बिशप लोक मर्यादा ओलांडत नाहीत असं मी म्हणत नाहीये. २०१७ मध्ये गुजरातच्या निवडणुकीआधी गांधीनगरच्या आर्चबिशपनी पत्र काढलं, राष्ट्रवादी शक्ती देश ताब्यात घ्यायच्या बेतात आहेत, त्यापासून देश वाचवायला प्रार्थना करा अशा अर्थाचं, निवडणूक अधिकाऱ्यांनी नोटीस काढली. माझ्या मते ते पत्र चुकलंच. ऐन निवडणुकीत असं लिहिलं की बोट कुणाकडे आहे ते शेंबडं पोरही सांगेल. प्रार्थना करा म्हणा, संविधान वाचा म्हणा, पण पुढचं आमच्यावर सोडा.

आता तुमचा खरा मुद्दा, जो मला टोचला. धर्म बघून मत देणं आणि श्रद्धेला धरून मत देणं यात फरक काय? तुम्ही म्हणता काहीच नाही, नुसती शब्दांची मखलाशी. मला वाटतं फरक आहे आणि तो तपासताही येतो. माझी श्रद्धा मला कधी माझ्याच समाजाच्या फायद्याच्या विरुद्ध मत द्यायला लावते का? कधीच लावत नसेल तर मी श्रद्धेने मत देत नाहीये, जातभाईंसाठी देतोय आणि वर क्रूस लावतोय. एवढं मी सरळ मान्य करतो.

म्हणून गोव्याचं २०१२ बघा. २०११ मध्ये दिगंबर कामतांच्या काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान दिलं. या शाळा मोठ्या संख्येने चर्चच्या, पालकांची मागणी, म्हणजे कॅथलिक समाजाला हवं ते हातात मिळालं होतं. भाजप तेव्हा विरोधात, मातृभाषेतच शिक्षण हवं म्हणणाऱ्या भाषा मंचाच्या आंदोलनाबरोबर. फायदा बघून मत द्यायचं तर काँग्रेसशिवाय दुसरीकडे बघायचं कारणच नव्हतं. पण त्याच वेळी बेकायदा खाणींचा विषय पेटलेला, भ्रष्टाचार, आणि एका घरात चार-चार तिकिटं. चर्चची सामाजिक न्याय आणि शांतीची समिती निवडणुकीआधी पत्रक काढते, भ्रष्ट नको, जातीयवादी नको असा सूर, नाव कुणाचंच नाही. मग झालं काय, तर आलेमाव या काँग्रेसच्या कॅथलिक घराण्यातले चारही उमेदवार पडले, चर्चिल नावेलीत, ज्योकिम कुंकळ्ळीत, वालंका बाणावलीत, युरी सांग्यात. यातल्या नावेली-बाणावलीत तर कॅथलिक मतांशिवाय कुणी पडूच शकत नाही. काँग्रेस ९ वर आली, भाजपला २१ मिळाल्या आणि त्या २१ मध्ये ६ कॅथलिक आमदार. कॅथलिक, आणि भाजपचे! तुमच्या थिअरीत हे कुठे बसवणार?

कुणी म्हणेल पर्रीकरांनी आतून बोलणी केली असतील. असतील. सत्तेत आल्यावर त्यांनी ते अनुदान चालूच ठेवलं, आणि त्याच भांडणातून पुढे २०१६ मध्ये भाषा मंचाचे नेते सुभाष वेलिंगकर यांना संघाच्या गोव्यातल्या प्रमुखपदावरून काढलं गेलं. पण मतदानाच्या दिवशी बाणावलीच्या मतदाराला हे पुढचं काही माहीत नव्हतं, अनुदान जाऊ शकतं हा धोका पत्करूनच त्याने मत दिलं. सगळे काही पापपुण्याचा विचार करून गेले असं नाही, अनेकांना घराण्याचा नुसता कंटाळा आला असेल. तरी आपला मंत्री, आपल्याच धर्माचा, आपल्याला हवी ती गोष्ट देणारा, आणि तरी नको, हे जमणं सोपं नाही. आपल्या जातीच्या भ्रष्ट पुढाऱ्याला तुमच्या तालुक्यात असं कधी पाडलंय का ते आठवून बघा.

६७ चं मात्र तुम्ही चुकीच्या खात्यात टाकलंय. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात वेगळं राहायला १,७२,१९१ मतं आणि विलीनीकरणाला १,३८,१७०. नुसत्या ख्रिस्ती मतांवर हा आकडा होत नाही, हिंदूंची मतं पडली म्हणून झाला. आणि त्या हिंदूंना पटवायचं काम सगळ्यात जोरात कोणी केलं तर 'राष्ट्रमत'ने, जे मराठी दैनिक होतं, उदय भेंब्रे त्यात मराठीत लिहून महाराष्ट्रात जाऊ नका सांगत होते. ख्रिस्ती मतदार जवळजवळ एकगठ्ठा 'दोन पानां'वर, म्हणजे वेगळं राहायच्या चिन्हावर, गेला हे खरंच आहे, पण ते भाषा, ओळख आणि मुंबईचं राज्य आपल्याला गिळेल ही भीती यासाठी. त्याला श्रद्धेचं मतदान मीही म्हणणार नाही.

उलटं कसं होतं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल आपल्याच लोकांची आरती ओवाळतो. अमेरिकेतले गोरे इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला कडक धरून चालणारे प्रोटेस्टंट. १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांचं लफडं गाजत असताना त्यांच्यातल्याच सदर्न बॅप्टिस्ट पंथाने ठराव केला की सार्वजनिक पदावरच्या माणसाचं चारित्र्य महत्त्वाचं, ते खपवून घेतलं तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते. छान ठराव, मी आजही सही करीन. २०११ मध्ये पीआरआरआय या तिथल्या सर्वेक्षण संस्थेने विचारलं, खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कामात नीट वागू शकतो का? गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी फक्त ३० टक्के हो म्हणाले. २०१६ ला, ट्रम्प उभे असताना, तोच प्रश्न, तेच लोक, आणि हो म्हणणारे ७२ टक्के. पाच वर्षांत बायबलची नवी आवृत्ती आली नव्हती. उमेदवार आधी ठरला आणि श्रद्धा मागून त्याच्या मापाची शिवून घेतली. तेच बायबल वाचणारे काळे प्रोटेस्टंट त्याच निवडणुकीत प्रचंड बहुमताने दुसऱ्या बाजूला होते.

तिथे त्यांचा बचाव गर्भपाताच्या मुद्द्यावर उभा आहे, आणि तो मी उडवून लावत नाही, गर्भातला जीव हा माझ्याही श्रद्धेचा विषय आहे. पण आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे आणि एकाही मोठ्या पक्षाने त्यावर निवडणूक लढवलेली नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर अमेरिकन पास्टरांचे व्हिडिओ फिरवून "ख्रिस्ती माणसाने असंच मत द्यावं" सांगणाऱ्या आमच्या काही मंडळींना मी सांगतो, बाबांनो, आपल्या मतपत्रिकेवर तो प्रश्नच नाही, आपल्या मतपत्रिकेवर टँकरचं पाणी आहे, जमिनी आहेत, तुरुंगात खटल्याशिवाय सडणारी माणसं आहेत. फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे, पार्किन्सन्स झालेले, २०२१ मध्ये कोठडीतच गेले. ते माझ्या धर्माचे होते म्हणून नाही, उद्या तिथे दुसरा कुणीही असेल तरी मला मत देताना तो आठवला पाहिजे.

मी कुणाला मत दिलं ते विचारलंत, सांगणार नाही, बायकोलाही सांगत नाही. एकही उमेदवार पूर्ण पटणारा नसतो आणि मी नोटा दाबत नाही, कारण मला ती हात झटकण्याची सोय वाटते. मग उरतं काय तर कमी वाईट कोण ते शोधणं. आणि "पोप सांगतील त्याला द्याल का" असं जे खोचक विचारलंय त्याबद्दल एवढंच, सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरहून परतताना विमानात पत्रकारांनी पोप फ्रान्सिसना अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल थेट विचारलं होतं. ते म्हणाले दोघंही जीवनाच्या विरोधात आहेत, एक स्थलांतरितांना हाकलणारा, एक गर्भपाताला पाठिंबा देणारी, तेव्हा कमी वाईट निवडा. आणि त्यातलं कमी वाईट कोण ते मला माहीत नाही, ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावं, असंही तेच म्हणाले. आता पोपनीच हात वर केल्यावर आमचे फादर काय सांगणार, कप्पाळ.