‘रेशन फुकट आहे, मग भूक कुठली?’ या मेसेजला माझं उत्तर

16 ऑक्टोबरचा जागतिक अन्न दिन जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा आधी कॉलनीच्या ग्रुपवर आला, मग भिशीच्या, मग माहेरच्या. म्हणणं थोडक्यात असं: जगात माणसं फार झाली, धान्य पुरत नाही, म्हणून भूक आहे. भारतात तर सरकार फुकट रेशन देतं, त्यामुळे इथे उपाशी राहतो तो आळशी. आपण ताटात टाकलं नाही की झालं. आणि ‘जागतिक अन्न दिन’ हे परदेशी फॅड आहे, दिवस पाळून कुणाचं पोट भरत नाही. पाठवणारी माणसं वाईट नाहीत, त्यातल्या दोघांना तर मी काका म्हणते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

आधी धान्य पुरत नाही, हे. जगात वर्षाला सुमारे 280 कोटी टन तृणधान्य पिकतं आणि माणसं आहेत 800 कोटींच्या वर. भागाकार केला तर माणशी साडेतीन क्विंटलच्या आसपास येतं, म्हणजे तान्ह्या बाळापासून सगळ्यांना रोजचं जवळजवळ एक किलो. त्यातलं बरंच जनावरांच्या खाद्याला आणि कारखान्यांना जातं, तरी याला तुटवडा म्हणता येत नाही. आणि संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे 2024 मध्ये सुमारे 67 कोटी माणसं भुकेली होती.

1943 साली बंगालच्या दुष्काळात 20 ते 30 लाख माणसं मेली. त्या वर्षी तिथे 1941 पेक्षा धान्य कमी नव्हतं, हे अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी आकड्यांनिशी दाखवलं. भाव चढले, शेतमजुराच्या मजुरीत तांदूळ बसेना. याच्या उलट आपला बहात्तरचा दुष्काळ. पिकं खरोखर बुडाली होती. पण सरकारने गावोगाव कामं काढली, खडी फोडून का होईना मजुरी हातात आली, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, आला, कामावर सुकडी मिळाली. माझी आजी त्या मिलोच्या लाल भाकरीला आयुष्यभर नावं ठेवायची, पण ती खाऊन तिची चारही लेकरं जगली. किती पिकलं यापेक्षा कुणाच्या हातात किती पडलं, हे बघावं लागतं.

आता फुकट रेशन. इथे मला जास्त बोलायचंय, कारण हा मुद्दा अर्धा खरा आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. कित्येक चुली त्यावर चालतात. पण 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 166 ग्रॅम, आणि ते गहू-तांदूळ. त्यात डाळ, तेल, अंडं, दूध, भाजी नाही. शिवाय किती लोकांना द्यायचं, तो आकडा, म्हणजे इष्टांक, अजून 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. नंतर जन्मलेल्या लेकराचं नाव चढवायला गेलं की ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर ऐकावं लागतं.

माझ्या मामाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. गेल्या डिसेंबरात मी तिथे होते. डिपिंग चालू होतं आणि सुरगाण्याकडच्या आदिवासी पट्ट्यातली मजुरांची टोळी आली होती, एकरी उक्त्यावर. नाशिकची ती थंडी, सकाळी सातला बायका वेलीखाली, हातात औषधाचा मग, एकेक घड बुडवायचा आणि पुढे सरकायचं. दिवसभर मान वर. मांडवाच्या अँगलला साडीची झोळी बांधलेली, त्यात एक मुलगा, बावीस महिन्यांचा. रडला की आई पाच रुपयांचं वेफरचं पाकीट फोडून द्यायची, कारण हात औषधाचे होते आणि घास भरवायला वेळ नव्हता.

दुपारी गावच्या अंगणवाडीच्या सेविकाताई आल्या. त्यांच्याकडे कुपोषण ओळखायला दंड मोजायची पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळी, त्यापुढे हिरवी. त्यांनी पट्टी त्याच्या डाव्या दंडाला लावली आणि हलकेच ओढली. आकडा आला 11.9. मी पट्टीकडे बघत होते, आई ताईंच्या तोंडाकडे. ताईंनी विचारलं, “रेशन कार्ड आहे का गं?” ती म्हणाली, “आहे ना ताई. गावी सासूकडं. ती उचलती तांदूळ.” म्हणजे कागदावर या कुटुंबाचं सगळं ठीक होतं. आता कुठल्याही दुकानातून धान्य उचलता येतं हे खरं, पण ते इथे उचललं तर गावी म्हातारीने काय शिजवायचं?

काका, त्या बाईला आळशी म्हणाल? द्राक्षाची पेटी ज्यांच्या हातांवर भरते त्या, पेठ-सुरगाण्यातून पोटासाठी उतरलेल्या बायका आहेत या. आणि अशी भूक बाहेरून दिसत नाही. मूल खेळतं, हसतं, फक्त वयापेक्षा लहान दिसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोड. हा दुसरा आकडा देशाच्या 19.3 टक्क्यांपेक्षाही वाईट आहे.

ताटात टाकू नये, हे मला मान्यच आहे. 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतलं होतं. पण मी वाचवलेली पोळी त्या झोळीपर्यंत जात नाही. भाव पडला की टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओततात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. टाकणाऱ्याला तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नसते. तो प्रश्न ताटाचा नाही.

राहिला दिवस पाळण्याचा. 16 ऑक्टोबर 1945 ला संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना स्थापन झाली, म्हणून ही तारीख. 1981 पासून हा दिवस पाळतात. नुसती रांगोळी आणि भाषण असेल तर काहीच होत नाही, हे कबूल. पण भुकेबद्दल बोलून काही होत नाही, हे खोटं आहे. पूर्वी शाळेत महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचे, 80 टक्के हजेरी असेल तर. आम्ही पिशव्या घेऊन रांगेत उभे राहायचो, आणि ते तांदूळ घरी सगळ्यांत वाटले जायचे. 2001 मध्ये सरकारी गोदामं भरलेली आणि राजस्थानात दुष्काळ, म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 नोव्हेंबर 2001 ला शाळेत शिजवलेलंच अन्न द्या, असा आदेश झाला. आज झेडपीच्या शाळेत जी खिचडी शिजते, तिच्यामागे तो आदेश आहे. त्याच प्रकरणातून आणि त्याभोवतीच्या चळवळीतून पुढे 2013 चा कायदा आला. मेसेजमध्ये ज्या फुकट रेशनचा दाखला दिलाय, ते रेशन या कायद्याने मिळतं.

सेविकाताईंनी त्या मुलाचं नाव आपल्या रजिस्टरला घेतलं. बाहेरगावचं मूल असलं तरी घेता येतं, फक्त ते कुठल्या बागेत आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. टोळी ताईंना सांगून येत नाही, आणि आईला सुट्टी नसते.

ऑक्टोबर छाटणीला याच सुमाराला टोळ्या उतरतात. मामाशी बोलणं झालंय: टोळी आली की त्याच दिवशी ताईंना फोन, आणि मोजायला आल्या की आईला तेवढा वेळ काम सोडू द्यायचं, उक्त्यातून कापायचं नाही. दिंडोरी, निफाडकडे ज्यांची बाग आहे त्यांनी 16 तारखेपर्यंत मला निरोप द्या. तुमच्या गावच्या अंगणवाडीचा नंबर मी मिळवून देते.