पदवीची पार्टी भर पावसात का ठेवली: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या पुतणीला बी. फार्म.ची पदवी मिळाली त्यानिमित्त आम्ही मालवणजवळच्या आमच्या वाडीत पार्टी केली, तिच्या नियोजनावर मी लिहिले आणि त्यावर आपण वेंगुर्ल्याहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप चार आहेत. जूनअखेरीस, भर पावसात पार्टी ठेवणे हा शुद्ध वेडेपणा होता आणि दिवाळीनंतर, पदवीदान समारंभ झाल्यावर ती करायला हवी होती. मालवणात राहून ताटात मासा नसणे ही लाजिरवाणी गोष्ट होती. ३८,००० रुपये खर्चण्याऐवजी पेढे वाटून भागले असते. आणि निकालाचा असा गाजावाजा झाला की ज्यांची केटी, म्हणजे एखादा विषय, राहिली त्या मुलांच्या जखमेवर मीठ चोळले जाते. यातला चौथा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याकडे शेवटी येतो.

तारखेचा निर्णय पावसाने किंवा पंचांगाने केला नाही, पुतणीच्या वर्गातल्या मुलांच्या नोकऱ्यांनी केला. चार वर्षे एकाच वसतिगृहात राहिलेल्या या मुलांपैकी काही जण १ जुलैपासून गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपन्यांमध्ये रुजू होणार होते, दोघी पुण्याला निघाल्या होत्या आणि एकाने मुंबईत खोलीही पाहून ठेवली होती. निकाल लागला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. नव्याने लागलेल्या मुलाला कारखान्यात पहिले काही महिने रजा मागण्याची सोय नसते, त्यामुळे दिवाळीनंतर पार्टी ठेवली असती तर नातेवाईक आले असते आणि ज्यांच्यासाठी ती करायची ते आले नसते. गणपतीत ठेवा, असेही घरात सुचवले गेले होते, कारण तेव्हा सगळे चाकरमानी गावात असतात. पण तेव्हा प्रत्येक जण आपापल्या घरच्या गणपतीपाशी असतो, आणि सावंतवाडीच्या मुलीने घरची आरती सोडून आमच्याकडे यावे असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

राहता राहिला एकच रविवार, २९ जून २०२५, कारण त्याच्या पुढचा रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशीचा होता आणि त्या दिवशी आमच्या घरात वडे-सागोती शिजणे शक्य नव्हते.

एकदा तारीख पक्की झाल्यावर बाकी सगळे त्या तारखेभोवती बसवावे लागले. त्या वर्षी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे जूनअखेरीस उघडीप मिळेल या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक १५ जूनपासून लागू झालेले होते, गाड्या सावकाश धावत होत्या, आणि कुडाळ स्थानकावर उतरून पुढे एसटीने येणाऱ्या मुलांना परतीचीही एसटी मिळायला हवी होती. म्हणून संध्याकाळचा बेत रद्द करून दुपारी बाराची वेळ धरली. त्याने आणखी दोन गोष्टी आपोआप सुटल्या: रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा प्रश्न उरला नाही, आणि वीज गेली तरी उजेडाची पंचाईत झाली नाही. वीज गेलीच, पण पान वाढलेले सगळ्यांना दिसत होते.

खळ्यात, म्हणजे अंगणात, घातलेल्या ताडपत्रीबद्दल आपण थट्टेने लिहिले आहे, तेव्हा तिच्याविषयी दोन वाक्ये. मंडपवाल्याने ती प्रथम सपाट बांधली होती. अर्ध्या तासाच्या सरीत तिला मधोमध पोट आले आणि माझा भाऊ बांबूने खालून ढोसून पाणी काढू लागला, ते नेमके एका पाहुण्याच्या मानेवर गेले. मग घराकडची बाजू हातभर उंच करून सगळा उतार माडाच्या आळ्याकडे दिला, आणि त्यानंतर दिवसभर कुणाला भिजावे लागले नाही. जेवणाच्या पंगती ओटीवर आणि पडवीत बसवल्या, चुली मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या छपरात, लावल्या. लावणीचे दिवस असल्याने वाडीतली बरीच मंडळी थेट शेतातून आली, म्हणून पायरीशी पाण्याचे पिंप, दोन तांबे आणि रिकामी पोती टाकली होती. माझ्या मूळ लेखात ही पोती राहून गेली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चिखलाचे पाय आले की काय होते ते आपल्याला सांगायला नको.

आता मासा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा काळ माशांच्या प्रजननाचा, आणि समुद्रही खवळलेला असतो. वेंगुर्ल्याच्या बंदरावरही त्या दिवसांत ट्रॉलर ओढून ठेवलेले आपण पाहत असालच. मग त्या दिवशी ताटात सुरमई हवी तर ती बर्फातली, बाहेरून आलेली आणणे हाच मार्ग होता, आणि खाडीतले जे थोडे ताजे मिळते ते ऐंशी माणसांना पुरणारे नव्हते. मालवणच्या घरात बर्फातला मासा वाढण्यापेक्षा मासा न वाढलेला बरा, असे माझ्या आईचे मत पडले आणि ते मी मोडले नाही. कोंबडीचा रस्सा, वडे, शाकाहाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याचे सांबारे, सोलकढी आणि शेवटी नारळाच्या रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया), असे जेवण झाले. शिरवाळे काढणाऱ्या दोघी काकूंचे हात दुखून आले, एवढी एक तक्रार रास्त आहे.

खर्चाबद्दल वाद घालत नाही. तो आमच्या घरातल्या चौघांनी वाटून घेतला आणि त्यातला निम्म्याहून अधिक जेवणावर गेला. फोटोसाठी काळा झगा आणि टोपी भाड्याने आणली ती मात्र पूर्ण उधळपट्टी ठरली: दमट हवेत झग्याला कुबट वास मारू लागला आणि पुतणीने तो दहा मिनिटांत उतरवून खुंटीला टांगला.

केटीबाबत आपण जे लिहिले ते मी नाकारू शकत नाही. खळ्याच्या तोंडाशी एक फ्लेक्स लावावा, त्यावर आलेल्या सगळ्या मित्रांची नावे आणि श्रेणी छापावी, म्हणजे मुलांना आनंद होतो, असे मी हौसेने सुचवले होते आणि तसे केलेही होते. पुतणीच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा एक विषय राहिला होता. तिचे नाव फ्लेक्सवर नव्हते, आणि हे माझ्या लक्षात आले ते पंगत उठल्यावर, कारण तोवर ती मांगरात बसून वडे थापत होती आणि आम्ही सगळे तिच्या कामसूपणाचे कौतुक करत होतो. पुतणीने त्या रात्री मला एवढेच विचारले की, काका, यादी तुम्हांला कुणी दिली? यादी तिच्याच भावाने निकालाच्या पत्रकावरून उतरवली होती, पण छापायला मी दिली होती.

फ्लेक्सचा तो परिच्छेद आज लेखातून काढून टाकला आहे. त्या जागी असे लिहिले आहे की निमंत्रणात आणि फलकावर फक्त पदवी मिळालेल्या मुलीचे नाव असावे, श्रेणी कुणाचीही नसावी, आणि पाहुण्यांची यादी निकालाच्या पत्रकावरून नव्हे, तर तिला स्वतःला विचारून करावी. पिंप, तांबे आणि पोतीही त्यात घातली आहेत.