‘कर्नल जुनाच ठेवला, पैसे मात्र घेतले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की वर्षाच्या मेन्टेनन्सचे पैसे घेतले, तरी वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर कर्नल (लिनक्सचा गाभा, मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम) अजून ६.१.० च आहे, अपडेट आठ दिवस उशिरा आणि तेही नावापुरतं, ही फसवणूक आहे. उशीर झाला, त्याची माफी मागतो.

पण ‘फसवणूक’ हा शब्द फार लागला. आर्वीत बारा वर्षं झाली दुकानाला.

तुमच्या फोटोत ६.१.०-१८ दिसतं. तुमच्या मशीनवर डेबियन १२ आहे, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार; त्यात ते ६.१.० हलतच नाही, शेवटचा १८ तेवढा वाढत जातो. टर्मिनलमध्ये ‘यूनेम -ए’ (uname -a) ही कमांड चालवून बघा, त्याच ओळीत पुढे ६.१.७६-१ आहे. खरा आकडा तो. कर्नलमधली चूक आधी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य कर्नलमध्ये दुरुस्त होते, मग तीच दुरुस्ती जुन्या ६.१ ला बसेल अशी करून मागे आणतात. त्याला बॅकपोर्ट म्हणतात. फुटके कवेलू बदलले म्हणून घराचा नंबर बदलतो का? एकदम नवा कर्नल टाकणं मला सोपं होतं. पण तुमचा वजनाचा इंडिकेटर जुन्या सिरियल केबलवर चालतो, ऐन कापसाच्या हंगामात तो रुसला असता तर?

आता आठ दिवसांचं. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ मध्ये अशीच एक दुरुस्ती मागे आणली, तिच्या जोडीची दुसरी ६.१ मध्ये नव्हती, आणि ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली साठवायची पद्धत) असलेल्या डिस्कवरचा डेटा खराब व्हायची वेळ आली. डेबियनने १२.३ ही आवृत्ती ऐनवेळी थांबवून १२.४ काढली. तेव्हापासून प्रत्येक अपडेट मी आधी दुकानातल्या मशीनवर चार-पाच दिवस चालवतो. तुमच्या सगळ्या पावत्या त्याच डिस्कवर आहेत, भाऊ.

उरलेले तीन दिवस रीस्टार्टचे. त्याशिवाय नवा कर्नल चालू होत नाही, हे मी गुरुवारीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, “गाड्या लागल्या आहेत, हात लावू नका.” बरोबरच होतं तुमचं. रविवारी रात्री साडेनऊला, काटा बंद झाल्यावर, मी परत येऊन केलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. रिव्ह्यूत ते आलं नाही, याचं वाईट वाटलं.

यापुढे खरा आकडा पावतीवर लिहून देऊ, फोनही वेळेवर करायचा प्रयत्न राहील. हंगामात नवं गिऱ्हाईक हेच वाचून येतं. एकदा दुकानात या, समोर बसून दाखवतो.