लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळू नका : माझ्याच जुन्या पोस्टचा खुलासा

'रोज सकाळी लिंबाची फोड चेहऱ्यावर चोळा, आठवड्यात डाग जाऊन चेहरा उजळेल.' हा मजकूर मीही पूर्वी टाकला होता आणि तो अजून फिरतोय. तो चुकीचा आहे.

पीएच म्हणजे आम्लतेचं माप; अंक जितका कमी, तितकी आम्लता जास्त. त्वचेचा पीएच साधारण ५ असतो, लिंबाच्या रसाचा २च्या आसपास. पीएचमधला प्रत्येक अंक म्हणजे दहापट फरक, म्हणजे हा रस त्वचेपेक्षा जवळपास हजारपट आम्ल. त्वचेचं वरचं संरक्षक आवरण त्याने दुखावतं, आग होते. पण खरी काळजी उन्हाची. लिंबातली फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं त्वचेवर असताना सूर्याचे अतिनील-ए किरण पडले, तर भाजल्यासारखे चट्टे आणि फोडसुद्धा येऊ शकतात. त्वचारोगशास्त्रात याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. चट्टे बरे झाल्यावर राहणारे काळपट डाग कधी कधी काही महिने टिकतात. डाग घालवायला जावं आणि नवे पडावेत, असं हे आहे.

'पण लिंबात क जीवनसत्त्व असतं ना?' असतं, आणि ते खाण्यातून जरूर घ्या. चेहऱ्याला लावायच्या सीरममध्ये ते मोजलेल्या प्रमाणात आणि त्वचेला सोसेल अशा रूपात असतं; कापलेली फोड तशी नसते.

डाग गडद होऊ नयेत म्हणून एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचं माप) ३० किंवा अधिक असलेलं सनस्क्रीन लावा, दोन-दोन तासांनी पुन्हा. रस लागलाच असेल तर साबण-पाण्याने धुवा आणि उन्हात जाऊ नका. फोड आले तर डॉक्टरांना दाखवा.

माझी जुनी पोस्ट मी काढली आहे. तुमच्याकडे ती असेल तर कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवली त्यांना हा खुलासा पाठवा.