उंची नव्हे, पाय बघा: फ्यूरी-उसिक दुसऱ्या लढतीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखाखाली तुम्ही नाव न लिहिता टाकलेली प्रतिक्रिया शांतपणे तीन-चार वेळा वाचली. उत्तर लांबणार हे लक्षात आलं, म्हणून ते खाली चार ओळींत न कोंबता वेगळं लिहिते आहे.

लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: येत्या 21 डिसेंबर 2024 ला रियाधमध्ये हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातले) बॉक्सर ओलेक्झांडर उसिक आणि टायसन फ्यूरी पुन्हा समोरासमोर येत आहेत, आणि उसिक पुन्हा गुणांवर जिंकेल असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं. या वेळी चारही बॉक्सिंग संघटनांचे विजेतेपदाचे पट्टे पणाला नाहीत. 'गुणांवर जिंकेल' ही पळवाट आहे. मे महिन्यातल्या पहिल्या लढतीत फ्यूरी अगदी थोडक्यात हरला, तोही उसिकमुळे नाही, स्वतःच्या माकडचेष्टांमुळे. सहा फूट नऊ इंचांचा माणूस सहा फूट तीन इंचांच्या माणसाकडून लागोपाठ दोनदा हरत नसतो. अली आणि बस्टर डग्लस यांनी सगळ्या पंडितांना तोंडावर पाडलं, तेव्हा अंदाज ही गोष्टच फुकाची. आणि शेवटी, 'बाई, तुम्ही आयुष्यात कधी ग्लोव्ह घातले आहेत का?'

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. या वेळी चारही पट्टे पणाला आहेत असं मी लिहिलं होतं, ते चूक. आयबीएफचा पट्टा उसिकने पहिल्या लढतीनंतर सोडला, तो डॅनिएल ड्युबुआकडे गेला आणि सप्टेंबरमध्ये ड्युबुआने अँथनी जोशुआला नॉकआउट करून तो राखलाही. म्हणजे पणाला तीन पट्टे: डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीओ. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता पळवाटीचं. बारा फेऱ्यांची लढत गुणांवर जाईल असं म्हणणं सोपं वाटतं, कारण त्यात कोणी आडवं पडत नाही. पण नॉकआउटचा अंदाज एका ठोशावर तरून जातो. गुणांचा अंदाज करायचा तर कोणत्या फेऱ्या कोणाच्या आणि का, हे सांगावं लागतं. मे महिन्यातली गुणपत्रिका समोर घेऊ (फेरी जिंकणाऱ्याला 10 गुण, हरणाऱ्याला सहसा 9). एका जजने 115-112 उसिक दिलं, दुसऱ्याने 114-113 उसिक, तिसऱ्याने 114-113 फ्यूरी. नवव्या फेरीत उसिकच्या डाव्या हाताने फ्यूरी हलला, झोकांड्या खात दोरांवर आदळत राहिला आणि रेफ्रीने मध्ये पडून मोजणी केली. दोर नसते तर तो खाली गेला असता, म्हणून तो नॉकडाउन धरला गेला. त्या मोजणीने फ्यूरीचा प्रत्येक पत्रिकेत एक गुण गेला. तो गुण परत देऊन बघा. ती फेरी उसिकचीच ठेवली तरी दुसऱ्या जजची पत्रिका 114-114 होते, तिसऱ्याची 115-113 फ्यूरी, पहिल्याची 115-113 उसिक. एक याचा, एक त्याचा, एक बरोबरीत. लढत बरोबरीत सुटली असती! संपूर्ण हेवीवेट जगाचा एकमेव विजेता, जो 1999 नंतर पहिल्यांदाच मिळत होता, तो त्या रात्री मिळालाच नसता.

म्हणून 'फ्यूरी अगदी थोडक्यात हरला' या तुमच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्याच्याही पुढे जाऊन सांगते, फ्यूरीला फक्त एक फेरी जास्त हवी आहे. उसिकने जिंकलेली एखादी फेरी फ्यूरीकडे वळवा, दुसऱ्या जजचे 114-113 उलटे होतात आणि विजेता फ्यूरी. तेव्हा आपला वाद इतकाच उरतो, की ही एक फेरी फ्यूरी कुठून आणणार आणि उसिक त्याला ती आणू देईल का. उंचीने आणणार, असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही. आणि का पटत नाही याचं कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

हो, घातले आहेत ग्लोव्ह. तीन वर्षं शिकले, स्पर्धेतल्या लढती मोजून तीन खेळले, त्यातली एक जिंकले. म्हणजे मी काही मोठी खेळाडू नव्हे. पण एक गोष्ट अंगावर शिकले आहे. आमच्या जिममध्ये एक डावखुरी मुलगी होती, माझ्याहून अर्धं डोकं बुटकी आणि सात-आठ किलोंनी हलकी. पहिल्यांदा तिच्याशी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, केलं तेव्हा मिनिटभर सगळं माझ्या मनासारखं चाललं. माझा हात लांब, मी जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) टाकत राहिले, ती लांब राहिली. मग मला एकेक सरळ डावा लागायला लागला आणि तो कुठून येतोय ते कळेना. दुसऱ्या दिवशी कोचनी खडू घेतला, माझ्या पुढच्या डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेला जमिनीवर रेघ मारली आणि म्हणाले, तिचा पुढचा पाय या रेघेपलीकडे गेला की मी थांबवणार. एका फेरीत त्यांनी अकरा वेळा थांबवलं. दर वेळी तिचा उजवा पाय माझ्या डाव्या पायाच्या बाहेर असायचा. तिथून तिचा डावा हात माझ्या हनुवटीकडे सरळ रेषेत येतो आणि माझा उजवा तिच्या खांद्यावरून वळसा घेऊन जातो. त्यातून सुटायला मला दर वेळी अख्खं अंग वळवायला लागायचं. तिसऱ्या फेरीत माझ्या पोटऱ्या भरून आल्या. हात ताजे होते, उंची तेवढीच होती, पण पाय वळेनात, आणि मग ती मला हवं तिथे मारत होती.

उसिकही डावखुराच आहे. मे महिन्याची लढत आता पुन्हा लावा, आवाज बंद करा आणि फक्त गुडघ्याखालचं बघा. मी तसं केलं. लढत चालू असताना, समालोचन ऐकत, मी 115-112 उसिक धरलं होतं. आवाज बंद करून, हातात पेन घेऊन पाहिलं तेव्हा 114-113 उसिक आलं. मधल्या फेऱ्यांत फ्यूरीला मी कमी लेखलं होतं, हे मोकळेपणाने सांगते. चौथ्यापासून सातव्यापर्यंत त्याचे अपरकट (खालून वर येणारे ठोसे) आणि पोटावरचे ठोसे फार सुंदर होते. सहाव्या फेरीतल्या अपरकटने उसिकचं डोकं मागे गेलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. पण आवाज बंद असताना आणखी एक गोष्ट दिसली. त्या चांगल्या फेऱ्यांत फ्यूरी रिंगच्या मधोमध उभा आहे आणि वळायचं काम उसिक करतोय. आठव्यापासून वळायचं काम फ्यूरीकडे आलं. उसिकचा उजवा पाय बाहेर, फ्यूरीची टाच दोराकडे. नववी फेरी आभाळातून पडली नाही, ती आठव्या फेरीत शिजत होती.

माकडचेष्टांबद्दल: हात पाठीमागे धरणं, कॉर्नरमध्ये उभं राहून वाकुल्या दाखवणं, हे पहिल्या दोन फेऱ्यांत झालं. ते टाळलं तर फ्यूरीला एखादी फेरी मिळेलही. तुमच्या बाजूचा हा खरा मुद्दा आहे. पण तो हरला त्या फेऱ्या चेष्टांच्या नव्हत्या, दमणुकीच्या होत्या.

तुमच्या बाजूचा आणखी एक भक्कम मुद्दा तुम्ही मांडलाच नाहीत, म्हणून मीच मांडते. डिऑन्टे वाइल्डरबरोबरची दुसरी लढत. डिसेंबर 2018 मध्ये पहिली बरोबरीत सुटली. मग फ्यूरीने प्रशिक्षक बदलला, शुगरहिल स्टुअर्डला आणलं, वजन वाढवलं आणि जाहीर सांगितलं की मी याला नॉकआउट करणार. गुणांवर खेळणारा माणूस असं म्हणतोय यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. माझाही नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये सातव्या फेरीत वाइल्डरच्या कॉर्नरने टॉवेल टाकला. हा माणूस दोन लढतींच्या मध्ये स्वतःला बदलू शकतो, हे त्याने करून दाखवलेलं आहे, आणि या आठवड्यात मला झोपताना खरंच अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

तरी मी माझ्या मतावर का? वाइल्डर दाब आला की सरळ मागे जायचा. सरळ मागे जाणाऱ्यावर अंग टाकता येतं, त्याला दोरावर दाबता येतं, मानेवर भार देऊन दमवता येतं. उसिक मागे जात नाही, बाजूला जातो. ज्याच्यावर अंग टाकायचं तो तिथे उरतच नाही. शिवाय वाइल्डरबरोबरची पहिली लढत, दोन नॉकडाउन सोडले तर, फ्यूरीच्याच हातात होती. तेव्हा जिंकत असलेल्या खेळात त्याला जोर वाढवायचा होता. आत्ता त्याला हातातून निसटलेला शेवटचा तिसरा भाग परत मिळवायचा आहे. त्यासाठी वजन वाढवलं तर तेच वजन आठव्या फेरीत पायांवर येणार.

हरलेला माणूस परतीच्या लढतीत जिंकतो, याची उदाहरणं भरपूर आहेत. 1936 मध्ये मॅक्स श्मेलिंगने जो लुईसच्या लढतींच्या फिल्म बघून हेरलं की जॅब मारल्यावर याचा डावा हात खाली पडतो. तिथेच उजवा घालत बाराव्या फेरीत नॉकआउट केलं. 1938 मध्ये लुईसने त्याला पहिल्याच फेरीत संपवलं. जोशुआ जून 2019 मध्ये अँडी रुइझकडून हरला, डिसेंबरमध्ये दहा पौंड हलका होऊन आला, लांबून जॅब टाकत बारा फेऱ्या फिरला आणि जिंकला. अशा वेळी काय दुरुस्त झालं त्यावर बोट ठेवता येतं. फ्यूरी काय दुरुस्त करणार, हे तुमच्या प्रतिक्रियेत नाही. 'तो दोनदा हरणार नाही' ही इच्छा आहे. मला ती समजते, माझेही आवडते खेळाडू आहेत आणि त्यांच्याबद्दल मीही असंच बोलते. पण त्याला अंदाज म्हणता येत नाही.

उसिकला मात्र या परीक्षेत आधी बसवून झालं आहे. सप्टेंबर 2021 मध्ये त्याने जोशुआला हरवलं. जोशुआने नवा प्रशिक्षक आणला, ऑगस्ट 2022 मध्ये जेद्दाला पोटावर मारत, जास्त आक्रमक खेळत उतरला. नवव्या फेरीत उसिक खरोखर अडचणीत होता. दहाव्या फेरीत काय झालं आठवतंय? उसिकने ठोशांचा असा मारा केला की जोशुआ त्यातून पुन्हा सावरला नाही. एका जजने ती लढत 115-113 जोशुआला दिली हे खरं, पण बाकी दोघांनी उसिकला दिली. मोठा, उंच, बदललेला, चिडलेला प्रतिस्पर्धी आणि परतीची लढत, हे सगळं त्याने पाहिलेलं आहे.

अली आणि डग्लसबद्दल थोडंच लिहिते. 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासामध्ये जॉर्ज फोरमन उतरला तेव्हा चाळीस लढती, चाळीस विजय, त्यातले सदतीस नॉकआउट. लोकांनी हा आकडा पाहिला. पण फ्रेझरला त्याने दोन फेऱ्यांत संपवलं होतं, नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत. मोठ्या प्रतिस्पर्ध्यासमोर फोरमनची आठवी फेरी कशी असते हे पाहायलाच मिळालं नव्हतं. ती अलीने दाखवली. टोकियोत 1990 मध्ये डग्लसवर सट्टेबाजांचा एकास बेचाळीस असा भाव होता. तो भाव समोरच्या माइक टायसनच्या नावाचा होता. त्याच टायसनला लढतीआधी सरावात ग्रेग पेजने खाली पाडलं होतं, आणि लढतीच्या रात्री त्याच्या कॉर्नरकडे डोळ्याची सूज दाबायचं साधं लोखंडही नव्हतं, रबरी हातमोज्यात पाणी भरून ते डोळ्यावर धरत होते. या दोन रात्रींनी अंदाज फुकाचा ठरला नाही. फुकाचं ठरलं ते नाव आणि आकडा बघून केलेलं भाकीत. आणि सहा फूट नऊ इंच हाही एक आकडाच आहे.

माझं मत चुकू शकतं, आणि चुकलं तर ते कसं चुकेल तेही आत्ताच लिहून ठेवते. पाचव्या फेरीपर्यंत उसिक वळतोय आणि फ्यूरी मधोमध उभा आहे, उसिकची कोपरं पोट झाकायला खाली आली आहेत, आणि सातव्या फेरीनंतर स्टुलावर बसताना फ्यूरी तोंड मिटून श्वास घेतोय, असं दिसलं तर मी चुकले असं समजा, गुणपत्रिका येण्याची वाट बघायला नको. उलट सहाव्या-सातव्यापासूनच फ्यूरीची टाच दोराकडे दिसायला लागली, तर पुढचं सांगायला नकोच.

माझा आकडा: दोन जज 115-113 उसिक, एक जज 115-113 फ्यूरी. नॉकडाउन नाही. फेऱ्यांपैकी दुसरी, चौथी, पाचवी, सहावी आणि बारावी मी फ्यूरीला देते, सातवी कुणाचीही होऊ शकते.

तुमचाही आकडा खाली लिहा. फ्यूरी जिंकेल एवढंच नको. कोणत्या फेऱ्या, आणि आठवीत त्याचे पाय कुठे असतील तेही लिहा. लढतीनंतर दोन्ही शेजारी ठेवून बोलू. या वेळी प्रतिक्रियेत नाव लिहिलंत तर मला जास्त आवडेल.