दसऱ्यानंतरची दौड

गेल्या नवरात्रात मी बेळगावात, शहापूरला ताईकडे होतो. पहाटे साडेचारला जाग आली तेव्हा माझा अकरा वर्षांचा भाचा आरशासमोर फेटा बांधत होता. नवरात्रात रोज पहाटे गल्ल्यागल्ल्यांतले लोक मिळून देवीच्या मंदिरापर्यंत धावतात, त्या दुर्गामाता दौडीला निघाला होता. एरवी कोपऱ्यावरून दूध आणायला सांगितलं तर आईला स्कूटर काढायला लावणारा हा मुलगा अनवाणी, घोषणा देत मंदिरापर्यंत धावला आणि घामानं निथळत घरी आला. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत त्याला एकदाही हाक मारून उठवावं लागलं नाही. दसऱ्याची सुट्टी संपली आणि तो पुन्हा शाळेच्या व्हॅनमध्ये जाऊन बसला.

त्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी ताईला सांगितलं होतं की वयाच्या मानानं वजन फार आहे, आत्ताच लक्ष घाला. घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. खात्यापित्या घरचं पोर आहे, उंची वाढली की अंग झडेल, असं आजीचं म्हणणं. ताईनं मात्र गुपचूप त्याची एक चपाती कमी केली, आणि पोरगं रुसून बसलं. हे सगळं त्या एकट्या मुलावर आणि एकट्या आईवर येऊन पडलं, याचं मला वाईट वाटलं.

मी चौदा वर्षं ॲमस्टरडॅममध्ये राहतो. तिथं २०१२ मध्ये दर पाच मुलांमागे एकाचं वजन प्रमाणाबाहेर होतं. पालिकेनं हे काम स्वतःचं मानून हाती घेतलं. शाळेत प्यायला फक्त पाणी किंवा दूध. खेळायला जागा. मुलं वेळेवर झोपतात का, याचीही चौकशी. तुर्की, मोरोक्कन, सुरीनामी वस्त्यांमध्ये त्याच समाजातल्या बायका आपल्या भाषेत आयांशी बोलू लागल्या. फास्टफूड कंपन्यांचा पैसा असलेल्या क्रीडास्पर्धांमधून पालिकेनं अंग काढून घेतलं. २०१२ मध्ये २१ टक्के असलेलं प्रमाण २०१५ पर्यंत १८.५ टक्क्यांवर आलं. त्यातलं श्रेय या कामाला किती द्यायचं यावर मतभेद आहेत, आणि तिथली मुलं आजही सकाळी ब्रेडवर चॉकलेटचे दाणे पसरून खातात. आपली भाकरी, शेंगाचटणी, नाचणीची आंबील त्याहून कितीतरी चांगली. डच लोकांकडून आपण जेवण शिकावं, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

माझी मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा तिथल्या शाळेत, तिच्या वर्गात वाटायला मी बेळगावचा कुंदा राखून ठेवला होता. बाईंनी नम्रपणे सांगितलं, फळं आणा. मला राग आला. गोड वाटणं ही आपली रीत, तीच नको म्हणतात असं वाटलं. रात्री द्राक्षं आणि काकडीच्या फोडी काड्यांना टोचताना हिशेब केला. वर्गात अठ्ठावीस मुलं, म्हणजे वर्षाला अठ्ठावीस वाढदिवस. एकटा बाप आपल्या मुलीला नको म्हणू शकत नाही. सगळ्या वर्गानं ठरवलं की कुणालाच नको म्हणावं लागत नाही. कुंदा आम्ही घरी खाल्ला.

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन वाद चालतात. पहिला शाळेतल्या अंड्यांचा. अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशामुळे २०२४ पासून कर्नाटकातल्या सरकारी शाळांमध्ये आठवड्याचे सहा दिवस अंडी मिळतात, न खाणाऱ्याला केळं. मी अंड्यांच्या बाजूनं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. त्याच पाहणीत त्याच वयोगटातली वजन जास्त असलेली मुलं २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेली. या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की आपलं बाळ इंग्लंडमधल्या बाळापेक्षा वजनानं कमी असतं, पण त्या मानानं त्याच्या अंगात चरबी जास्त असते. अशा बाळाला पुढं बिस्किटं आणि थंड पेयं दिली तर काय होणार?

दुसरा वाद मराठी शाळांचा. तो माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. पण मराठी शाळेचा पट घसरतो तेव्हा तिचं मैदानही ओस पडतं, हे त्या वादात कुणी बोलत नाही. माझा भाचा ज्या इंग्रजी शाळेत जातो तिला मैदानच नाही, आणि गल्लीतल्या मराठी शाळेच्या मैदानाला संध्याकाळी कुलूप असतं. शाळेच्या एसडीएमसीनं, म्हणजे पालकांच्या देखरेख समितीनं, मनावर घेतलं तर ते कुलूप निघेल. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत साखर, मीठ, तेल भरमसाट असलेले पदार्थ विकायचे नाहीत, असा नियम २०२० पासून आहे. फाटकासमोर टांगलेल्या पाकिटांच्या माळा रोज आपल्यासमोर असतात. दुकानदार आपल्याच ओळखीचा असतो, त्याच्याशी बोलायला कोर्टात जावं लागत नाही.

ॲमस्टरडॅमच्या पालिकेला वस्त्यांमध्ये माणसं शोधून, शिकवून तयार करावी लागली. आपल्याकडे गल्लीगल्लीत मंडळ आहे, महिला मंडळ आहे. शिवजयंतीला चित्ररथ काढणारी, दिवाळीत मातीचे किल्ले रचणारी पोरं आहेत. व्यायाम कर म्हणून भाच्याला दोन वर्षं सांगून काही झालं नाही. गल्ली धावली तेव्हा तोही धावला. मग दसऱ्यानंतर आठवड्यातून तीन पहाटे तरी ती का धावू नये? मुलींनाही घेऊन, आणि कुणाचं वजन चारचौघांत न काढता.

आमच्या गल्लीत तालीम आहे. वडील तिथं जोर काढायचे. आता तिच्यात गणपतीच्या आराशीचं सामान भरलंय आणि हौद्यातली तांबडी माती दगडासारखी झालीय. वस्ताद थकलेत, पण सामान हलवा, पोरं पाठवा, मी येऊन बसतो म्हणाले. मंडळाच्या मुलांना मी कळवलंय की जानेवारीत येतोय. सामान हलवायला आणि माती खणायला माझे दोन हात धरा.