छापा की काटा?

गोल्फ शिकायला येणाऱ्या माणसाला पटिंग, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच घरंगळवत होलमध्ये (भोकात) घालणे, शिकायचे नसते, हे मला नवशिक्यांचा वर्ग घ्यायला लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच कळले. त्याच्या डोळ्यांसमोर ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या काठीचा, दणदणीत फटका असतो. चेंडू आभाळात ठिपका होऊन चालला आहे आणि मागे उभी असलेली मंडळी कपाळाला हात लावून बघत आहेत, असे काहीसे ते चित्र असते. अशा माणसाला मी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर नेतो, त्याच्या हाती पटर, म्हणजे पटिंगची काठी देतो आणि तीन फुटांवरच्या होलकडे बोट दाखवतो, तेव्हा पोहायला आलेल्याला बादलीभर पाणी दाखवावे तसा त्याचा चेहरा होतो. पार 72 च्या मैदानात, म्हणजे जिथे अठरा होल 72 फटक्यांत संपवणे अपेक्षित असते तिथे, प्रत्येक होलला दोन पट, म्हणजे पटरचे दोन फटके, गृहीत धरलेले असतात, म्हणजे 36 फटके, म्हणजे निम्मा खेळ इथेच, असा हिशेब मी मांडतो आणि सगळे जण माना डोलावतात. पुढे जे रामायण घडते ते याच मानांमुळे. पण त्याकडे मी नंतर येतो.

गेल्या तुकडीत एक निवृत्त गृहस्थ होते, हिशेबाला पक्के. होलचा व्यास 108 मिलिमीटर आणि चेंडूचा साधारण 43, हे ऐकताच त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. “म्हणजे होलमध्ये शेजारी शेजारी अडीच चेंडू मावतात. मग चुकायचं कसं?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “ते तुम्ही आता दाखवालच.” त्यांनी लगेच दाखवले. दिशा अवघ्या एका अंशाने चुकली, तरी दहा फूट जाईपर्यंत चेंडू सुमारे 53 मिलिमीटर बाजूला सरकतो, म्हणजे मध्यावर नेम धरलेला चेंडू थेट होलच्या काठावर पोचतो, आणि ही दिशा मुख्यतः टक्कर होते त्या क्षणी पटरचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी त्याची सपाट बाजू, कुठे बघतो आहे त्यावर ठरते, असे मी समजावून सांगितले. “एका अंशाचं काय घेऊन बसलात, सर,” ते म्हणाले, “माझा चष्माच दोन अंशांनी वाकडा आहे.”

यावर माझ्याकडे एक साधा सराव आहे. चेंडूच्या पुढे फूटभर अंतरावर दोन टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, रोवायच्या, त्यांच्यामध्ये चेंडूपेक्षा बोटभर जास्त जागा ठेवायची आणि त्या दरवाज्यातून चेंडू बाहेर काढायचा. होलकडे बघायचेच नाही. कल्पना निर्दोष आहे. दोष एवढाच, की माझी पाठ वळली की टी आपोआप एकमेकींपासून दूर जातात. मी एकाला सुधारून दुसऱ्याकडे जाऊन परत येईपर्यंत तो दरवाजा इतका ऐसपैस झालेला असतो, की त्यातून हत्ती सुखरूप जावा, आणि तरीही चेंडू मात्र डावीकडच्या टीला धडकून पडलेला असतो.

अंतराचे दुखणे वेगळे. नवशिक्याचा पहिला पट अर्ध्या वाटेवर दम टाकतो. त्याचा राग दुसऱ्या पटावर निघतो आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या गवतात शिरतो. याचे मूळ असे, की पटर खूप मागे न्यायचा आणि ऐन वेळी घाबरून ब्रेक मारायचा. म्हणून मी चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर एक टी लावतो; पटर तिच्या मागे जाऊ द्यायचा नाही आणि खांद्यांनी, लंबक हलावा तसा, न थांबता पुढे न्यायचा. मनगटे गप्प ठेवायची. ती गप्प राहत नाहीत; झाडू मारायची त्यांची सवय जुनी असते.

मग घड्याळ. होलभोवती तीन फुटांवर बारा, तीन, सहा आणि नऊ वाजण्याच्या जागी एकेक चेंडू ठेवायचा, चारही ओळीने आत घालायचे आणि एक चुकला की पुन्हा बारापासून सुरुवात. जिथे जरा उतार असतो तिथे एक वेळ वर चढवायची, एक खाली सोडायची आणि उरलेल्या दोन वेळा बाजूने वळणाऱ्या, त्यामुळे चारही प्रश्न निराळे निघतात. आमच्या वर्गातल्या एक बाई पाऊण तास बारा आणि तीन यांच्यामध्येच अडकून पडल्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “सर, माझं घड्याळ बंद पडलंय.”

आता त्या माना. फटका लागतो न लागतो तोच नवशिक्याची मान चेंडूमागे धावते, मानेमागे खांदे उघडतात, खांद्यांमागे पटर वळतो आणि चेंडू भलत्याच वाटेला लागतो. ‘पट कानाने बघायचा, आवाज येईपर्यंत डोके वर करायचे नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे, की झोपेतही बोलत असेन. शेवटी मी चेंडूखाली नाणे ठेवू लागलो. चेंडू गेल्यावर नाणे दिसले पाहिजे, एवढीच अट. हिशेबवाल्या गृहस्थांनी पहिला पट मारला.

“नाणं दिसलं?”

“स्वच्छ दिसलं.”

“छापा की काटा?”

ते नाण्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या वेळी मी विचारण्याआधीच त्यांनी “छापा!” असे ठणकावून सांगितले, कारण नाणे ठेवताना त्यांनी ते बघून ठेवले होते. तेव्हापासून नाणे मी ठेवतो, त्यांना पाठ करून उभे करतो आणि मनातल्या मनात या वयात आपण काय धंदा करतो आहोत असे म्हणतो.

शेवटच्या दिवशी त्यांनी सहा फुटांवरून पट लावला. मी शेजारी उभा होतो आणि माझे काम एकच होते, त्यांच्या मानेवर नजर ठेवणे. टक् असा छान, भरीव आवाज आला. चेंडू निघाला, उताराला जरा डावीकडे झुकला, काठावर घुटमळला, अर्धा वळसा घेतला आणि खळ्ळकन आत पडला.

“सर,” ते अजून खालीच बघत म्हणाले, “काटा. मान उठली का माझी?”

मी गप्प. मागून त्या घड्याळवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “त्यांची नाही उठली, सर. तुमची उठली.”